हुरड्यापासून सुरुवात करा: शेतावर पाहुणे बोलावून जोडउत्पन्न कसं मिळवावं

वेळ अमावास्येला लातूर, धाराशिव, सोलापूरकडची गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. ज्वारीत कडब्याची कोप (छोटी खोपी) करून पूजा होते, आंबील आणि भज्जी (डाळी-भाज्यांची मिश्र भाजी) वाढली जाते. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवतात. माणसांना शेतावर बोलावून पोटभर जेवू घालणं आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आपलं अडतं ते पैसे मागताना. पाहुण्याकडून पैसे कसे घ्यायचे, हा संकोच आमच्या घरातही पहिली दोन वर्षं होता, आणि त्या संकोचापायी आम्ही घरातल्या बायकांच्या कष्टाचा दाम लावलाच नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

कृषी पर्यटन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यापुढे खोल्या, लॉन आणि पोहण्याचा तलाव येतो. मग कर्ज काढून बांधकाम होतं आणि पाहुणे यायच्या आधी हप्ते सुरू होतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिली दोन वर्षं मुक्कामाच्या खोल्यांसाठी एक वीटही रचू नका. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे पाहुणे घ्या, आणि रानात जे पिकतं त्यावरच सुरुवात करा. रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात ते पीक म्हणजे हुरडा, निखाऱ्यात भाजून खायचा ज्वारीचा कोवळा दाणा. जुन्नर-नारायणगावकडे द्राक्षं असतील, कोकणात आंबा-काजू, मावळात भाताची लावणी. रीत तीच, फक्त हंगाम वेगळा.

पेरणी टप्प्याटप्प्याने

खरी गोम इथे आहे. ज्वारीचा दाणा दुधातून चिकात येतो आणि मग घट्ट होऊ लागतो. त्या मधल्या चार दिवसांत हुरडा गोड लागतो, एखादा आठवडा खाण्याजोगा राहतो, आणि पुढे दाणा निबर होतो. पहिल्या वर्षी आम्ही सगळं रान एकाच दिवशी पेरलं. जानेवारीच्या पहिल्या रविवारी हुरडा लोण्यासारखा होता. तिसऱ्या रविवारी ज्यांचे पैसे घेऊन ठेवले होते, त्यांना द्यायला आमच्या रानात एक कणीस मऊ उरलं नव्हतं. दुसऱ्याच्या रानातून विकत आणून भागवलं. पाहुण्यांनी तक्रार केली नाही, पण आम्हाला मात्र ते फार लागलं.

तेव्हापासून अर्ध्या एकराचे पाच-पाच गुंठ्यांचे चार तुकडे करतो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दर आठ-दहा दिवसांनी एक तुकडा पेरायचा. हुरड्याच्या वाणांना पेरणीपासून हुरड्यावर यायला साधारण तीन महिने, थंडी जास्त असेल तर आणखी काही दिवस लागतात. त्यामुळे डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी संपेपर्यंत कुठला ना कुठला तुकडा हुरड्यावर असतो.

वाण मात्र हुरड्याचाच हवा. मालदांडीची भाकरी उत्तम, पण हुरड्याला तिचा दाणा कोंड्यातून लवकर सुटत नाही. गुळभेंडी, सुरती हे जुने गावरान वाण चांगले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’ खास हुरड्यासाठीच काढलेले आहेत. ४५ बाय १५ सेंटीमीटरवर पेरलं तर गुंठ्यात चौदाशे-पंधराशे ताटं बसतात. पाखरं आणि मर जाऊन हजार कणसं हाती लागली असं धरा. माणशी पाच कणसं लागतात, म्हणजे एका गुंठ्यात दोनशे माणसांचा हुरडा निघतो. जमीन थोडी आहे म्हणून मागे हटू नका. तुकडा जास्त पेरायचा तो एवढ्यासाठी की त्यातून त्या दिवशीची नेमकी मऊ कणसं निवडून काढता यावीत. उरलेली ज्वारी खळ्यावर जाते आणि कडबा जनावरांना मिळतो.

एक पथ्य कधीही मोडू नका. हुरड्याच्या तुकड्यावर कणीस बाहेर पडल्यानंतर कीटकनाशकाचा फवारा मारायचा नाही. हा दाणा न धुता थेट तोंडात जातो. पाखरं राखायला माणूस ठेवा, जाळी टाका, गोफण फिरवा.

आगटी आणि चोळणारे हात

आगटीचा खड्डा फूटभर खोल खणून त्यात गोवऱ्या पेटवा. ज्वाळा बसून निखारे फुलले आणि वर राखेचा थर आला, की कणसं त्यात खुपसा. ज्वाळेवर धरलेलं कणीस बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. फिरवत राहायचं, खमंग वास सुटला की बाहेर काढून राख झटकायची आणि तळव्यावर गरमच चोळायचं. मग सुपात पाखडून कुसळ-कोंडा उडवायचा आणि ताटात द्यायचं.

पुण्याहून आलेल्या एका ताईंनी माझ्या आईला विचारलं होतं, “मावशी, हाताला भाजत नाही का हो?” आई म्हणाली, “भाजतंय की. पण निवल्यावर दाणा सुटत नाही, अन् सुटला तरी गोडी जाते.” त्या ताईंनी मग स्वतः एक कणीस चोळून पाहिलं, अर्ध्यातच खाली ठेवलं आणि आईचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत राहिल्या. शहरातला माणूस शेतावर येतो तो असं काही हाताशी लागावं म्हणून.

तेव्हा आगटी पाहुण्यांच्या मधोमध ठेवा, मागच्या बाजूला नको. पंधरा माणसांमागे एक चोळणारी, असं प्रमाण धरा. सोबत शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, गूळ, दही, रेवड्या, गोडी शेव, बोरं, उसाची कांडी. दुपारी पिठलं, भरीत, ठेचा आणि चुलीवरची भाकरी. हॉटेलात मिळतं ते पनीर इथे करू नका. लोक त्यासाठी एवढ्या लांब येत नाहीत.

दिवस कसा आखायचा

सकाळी दहाला चहा-नाश्ता, मग शिवारफेरी. ही फेरी घरच्याच माणसाने घ्यावी. पाभर (पेरणीचं अवजार) कशी चालते, विहिरीला पाणी किती हाताला आहे, गेल्या वर्षी पाऊस कधी दगा देऊन गेला, हे जसं घडलं तसं सांगा. भाषण नको. पोरांना खुरपं द्या, गोफण फिरवू द्या (मोकळ्या रानाकडे तोंड करून), गाईची धार काढू द्या, भाकरी थापू द्या. वाकडी झालेली भाकरीही त्यांच्याच ताटात वाढा. साडेअकरापासून हुरडा, दोनला जेवण, मग झाडाखाली सतरंजीवर निवांत वेळ. हा निवांत वेळ कार्यक्रमांनी भरून टाकू नका. चारला चहा आणि निरोप.

पहिल्या वर्षी एका दिवसाला तीस माणसांवर जाऊ नका.

आधी संडास, मग पाटी

खर्च करायचाच असेल तर पहिला खर्च स्वच्छतागृहावर करा. बायकांसाठी वेगळं, आतून कडी लागणारं, पाणी आणि उजेड असलेलं. कुटुंबं पुन्हा येतात की नाही हे बऱ्याचदा इथेच ठरतं. त्यानंतर विहिरीला छातीएवढा कठडा आणि शेततळ्याला कुलूप लागेल असं कुंपण. शेततळ्यातला प्लास्टिकचा कागद निसरडा असतो, त्यात पडलेल्या पोहणाऱ्या माणसालाही वर येता येत नाही. म्हणून तिथे दोर बांधून ठेवा आणि पाहुण्यांना एकटं जाऊ देऊ नका. औषधांच्या बाटल्या कुलपात ठेवा. प्रथमोपचाराची पेटी हवी. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या रुग्णालयात मिळतं हे आधीच विचारून ठेवा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. दारू चालणार नाही आणि कर्णा लागणार नाही, हे बुकिंग घेतानाच सांगा.

नोंदणी

महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. वैयक्तिक शेतकऱ्याला किमान एक एकर जमिनीवर केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते. सातबारा, आधार, पॅन, वीजबिल आणि अन्न परवाना एवढी कागदपत्रं जुळवून ठेवा. नोंदणीचं प्रमाणपत्र असलं की बँकेकडे कर्जासाठी जाताना हात रिकामे राहत नाहीत. पुढे मुक्कामाची सोय करायची ठरली, तर या धोरणात आठ खोल्यांपर्यंत नगररचना विभागाची परवानगी लागत नाही. अन्नसुरक्षेची छोट्या व्यावसायिकांची नोंदणी ऑनलाइन होते, ती पहिल्याच हंगामाआधी करा. केंद्र घरच्या बाईच्या नावावर असेल तर २०२३ च्या ‘आई’ या पर्यटन धोरणाचीही चौकशी करा. त्यात महिला उद्योजकांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाच्या परताव्याची सोय आहे.

अर्ज करण्याआधी चालू असलेलं एखादं केंद्र बघून या, पैसे भरून, पाहुणा म्हणून. नेरळचं सगुणा बाग, बारामतीजवळचं पळशीवाडी ही जुनी नावं. तिथलं बांधकाम बघण्यापेक्षा माणसांची ये-जा, भांडी घासण्याची जागा, कचरा कुठे जातो हे बघा.

दर ठरवताना घरच्या बाईची मजुरी धरा

हिशेब वहीवर मांडा. समजा माणशी ५०० रुपये आणि ३० पाहुणे, म्हणजे १५,००० जमा. खाण्याचा खर्च माणशी १३० धरला तर ३,९०० रुपये. पाच मजूर ४०० ने, २,०००. सरपण, पाणी, साफसफाई १,०००. आणि पहाटे चारला उठून चूल पेटवणाऱ्या घरच्या दोघींचे ५०० ने १,०००. उरले ७,१००. आकडे तुमच्या भागाप्रमाणे बदलतील, पण शेवटची ओळ वगळू नका. ती वगळली की दर खाली येतो, शेजारचाही खाली आणतो, आणि सगळा धंदा बायकांच्या फुकट कष्टांवर उभा राहतो. ती मजुरी त्यांच्याच खात्यात जमा करा.

असे दहा दिवस मिळाले तर हंगामात ७१,००० रुपये होतात. त्याच अर्ध्या एकरात चार क्विंटल ज्वारी झाली असती, तर २०२४-२५ च्या मालदांडीच्या हमीभावाने, म्हणजे ३,४२१ रुपयांनी, चौदा हजारही झाले नसते. आणि तीनशे पाहुण्यांनी हुरडा खाल्ला तो जेमतेम दीड गुंठ्याचा. उरलेली ज्वारी तुमचीच आहे.

निम्मे पैसे आगाऊ घ्या. त्यात संकोच नको, कारण तीस माणसांची भाजी आदल्या दिवशीच आणावी लागते. पहिले पाहुणे आपल्याच ओळखीतून येतात: पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेले गावातले लोक, मुलांच्या शाळेतले शिक्षक, आडतीवरचा व्यापारी. शाळेची सहल आठवड्याच्या मधल्या दिवशी बोलवा, म्हणजे रविवार कुटुंबांना मोकळा राहतो.

निघताना

फाटकाजवळ एक बाज टाका. तिच्यावर ज्वारीचं पीठ, हुलगे, मटकी, शेंगदाण्याची चटणी, काकवी, घरचे पापड मांडा, किलो-अर्ध्या किलोच्या पिशव्यांत. प्रत्येक पिशवीवर शेताचं नाव, दर आणि तारीख लिहा. शेजाऱ्याचा माल चांगला असेल तर तोही ठेवा. त्याच्या बांधावरून पाहुण्यांच्या गाड्या येतात, त्यालाही चार पैसे मिळाले पाहिजेत.

बाजेवरच एक वही ठेवा. नाव, गाव, फोन आणि घरात माणसं किती, एवढंच लिहून घ्या. मार्चमध्ये मळणी झाली की त्याच लोकांना खळ्यावरच्या राशीचा फोटो पाठवा, किलोचा भाव लिहा आणि किती पोती हवीत ते विचारा.