आउटलुकची फाईल उघडत नाही? मेल परत मिळवताना कोणत्या क्रमाने जायचं

मेल दिसेनासे झाले की बहुतेक जण आउटलुक चार-पाच वेळा बंद-चालू करून बघतात. मग कुणी सांगतं, अकाउंट काढून परत टाक. दुसरा सांगतो, फॉरमॅट मार आणि विंडोज नव्याने टाक. मी छोट्या ऑफिसांचे संगणक सांभाळतो. मूळ बिघाडात वाचलेले मेल नंतरच्या घाईत कायमचे गेले, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून या लेखात उपायांइतकाच त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. कृपया मधली पायरी गाळू नका.

आधी कॉपी, मग बाकी सगळं

आउटलुक बंद करा. खिडकी बंद झाली म्हणजे प्रोग्रॅम बंद झालाच असं नाही, म्हणून टास्क मॅनेजर उघडून आउटलुकचं नाव यादीत नाही ना ते बघा. इंटरनेटही बंद करा. तुमचं खातं आयमॅप पद्धतीचं असेल तर एका ठिकाणी डिलीट झालेलं दुसरीकडेही डिलीट होतं, आणि नेट चालू असलं की हे काही सेकंदांत घडतं. मोबाईलवर किंवा दुसऱ्या लॅपटॉपवर तेच खातं असेल तर त्यांचंही नेट बंद करून ठेवा. हरवलेला मेल कदाचित तिथे अजून शाबूत असेल.

आता मेलची फाईल शोधा आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर तिची कॉपी घ्या. पेन ड्राइव्ह वापरत असाल तर एक अडचण येते: तो फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल घेतच नाही. एक्स-फॅट किंवा एनटीएफएस असलेला ड्राइव्ह घ्या. कॉपी होताना मध्येच एरर आली, किंवा डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर तिथेच थांबा आणि संगणक बंद करा. तेव्हा बिघाड डिस्कमध्ये आहे, आणि अशी डिस्क जितकी जास्त फिरेल तितकं नुकसान वाढतं. ती डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्या जाणकाराकडेच द्यायची.

मेल नेमके राहतात कुठे?

फाईल शोधायची तर ती कोणत्या प्रकारची आहे हे कळायला हवं. नेहमीचं, म्हणजे ऑफिससोबत येणारं जुनं आउटलुक दोन प्रकारच्या फाईली वापरतं. पॉप पद्धतीच्या खात्याचे मेल पीएसटी फाईलमध्ये राहतात. ही फाईल सहसा डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाईल्स’ या फोल्डरमध्ये असते. एक्सचेंज (ऑफिसांसाठीचा मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर), मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि आउटलुक २०१३ पासून आयमॅप खात्यांसाठीही ओएसटी फाईल बनते. ती तुमच्या युजर फोल्डरच्या आत अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, आउटलुक अशा वाटेवर असते. अ‍ॅपडेटा फोल्डर लपवलेला असतो, तेव्हा फाईल एक्सप्लोररमध्ये ‘हिडन आयटम्स’ची खूण चालू करा. आउटलुक उघडत नसेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या मेल या चिन्हावरूनही डेटा फाईल्सची यादी आणि जागा दिसते.

ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक प्रत असते, त्यामुळे ती बिघडली तरी मूळ मेल सर्व्हरवर असतात. पीएसटीचं तसं नाही. पॉप खातं मेल उतरवून घेतं, आणि ‘सर्व्हरवर कॉपी ठेवा’ या सेटिंगसोबत आउटलुकमध्ये बहुधा ‘१४ दिवसांनी काढून टाका’ हीसुद्धा खूण केलेली असते. म्हणजे दोन आठवड्यांपूर्वीचा मेल फक्त तुमच्या संगणकावर उरतो. वेबसाइटच्या होस्टिंगसोबत मिळालेले मेल आयडी वापरणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी दुकानांची, कारखान्यांची आणि सीए ऑफिसांची दहा-पंधरा वर्षांची पत्रं अशी एकाच पीएसटीवर उभी आहेत.

पीएसटी करप्ट झाली असेल तर

ही फाईल बिघडण्याची नेहमीची कारणं दोन. पहिलं म्हणजे आउटलुक चालू असताना लाईट जाणं. फाईलमध्ये काहीतरी लिहिलं जात असतं आणि ते अर्धवट राहतं. दुसरं म्हणजे फाईल फुगणं. आउटलुक २००२ पर्यंतच्या जुन्या पद्धतीच्या पीएसटीची मर्यादा २ जीबी होती. २००३ आणि २००७ मध्ये ती २० जीबी झाली आणि २०१० पासून ५० जीबी आहे. मर्यादेजवळ आलेली फाईल आधी हळू होते, नंतर नवे मेल घेईनाशी होते. याशिवाय नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवलेली किंवा वनड्राइव्हमधून सिंक होणारी पीएसटीही लवकर खराब होते. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हला जोडलेला असेल तर पीएसटी आपोआप त्यात जाते, हे अनेकांना माहीतच नसतं.

दुरुस्तीचं साधन मायक्रोसॉफ्टने ऑफिससोबतच दिलेलं असतं. त्याचं नाव स्कॅनपीएसटी. स्टार्ट मेनूमध्ये ते दिसत नाही, शोधून काढावं लागतं. ऑफिस २०१६, २०१९ किंवा ३६५ असेल तर सी ड्राइव्हवर प्रोग्रॅम फाईल्स, मायक्रोसॉफ्ट ऑफिस, रूट, ऑफिस १६ या वाटेने जा. ३२ बिटचं ऑफिस असेल तर सुरुवात एक्स ८६ लिहिलेल्या प्रोग्रॅम फाईल्सपासून करा.

स्कॅनपीएसटी उघडलं की एक छोटी खिडकी येते. ब्राउझवर क्लिक करून पीएसटी निवडा, पण मूळ फाईल निवडू नका. सुरुवातीला घेतलेल्या कॉपीची आणखी एक कॉपी संगणकावर आणा आणि ती निवडा. स्टार्ट दाबल्यावर तपासणी टप्प्याटप्प्याने होते. २०-२५ जीबीच्या फाईलला तासन्‌तास लागू शकतात आणि मध्येच खिडकी ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दाखवते. ती बंद करू नका, चालू द्या. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे काम लाईट जाण्याच्या वेळेत सुरू करू नका. लॅपटॉप असेल तर चार्जरला लावा आणि स्लीप बंद ठेवा.

तपासणी झाली की किती चुका सापडल्या ते दिसतं, आणि खाली दुरुस्तीआधी बॅकअप घेण्याची खूण असते. ती तशीच राहू द्या आणि रिपेअर दाबा. दुरुस्ती झाल्याचा निरोप आला म्हणजे संपलं असं समजू नका. त्याच फाईलवर पुन्हा स्टार्ट करा. पहिल्या फेरीत एक चूक सुटली की तिच्याखाली दबलेली दुसरी दिसते, म्हणून चुका नाहीत असा निरोप येईपर्यंत फेऱ्या चालू ठेवायच्या. मोठ्या फाईलला अनेक फेऱ्या लागतात. काही फेऱ्यांनंतरही चुकांचा आकडा हलत नसेल तर नाद सोडा आणि जेवढं उघडतं तेवढं बाहेर काढा.

दुरुस्त झालेली फाईल आउटलुकमध्ये फाईल मेनूच्या ‘ओपन अँड एक्सपोर्ट’मधून उघडा. डावीकडे नेहमीच्या फोल्डरांबरोबर ‘रिकव्हर्ड पर्सनल फोल्डर्स’ किंवा ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाचा फोल्डर दिसला तर तो कचरा समजून काढू नका. ज्या मेलचं मूळ घर स्कॅनपीएसटीला सापडलं नाही ते तिथे टाकलेले असतात. कधी विषय दिसतो पण मजकूर कोरा असतो, कधी मजकूर आहे पण जोडलेली पीडीएफ गेलेली असते. धीराने एकेक उघडून बघा. मग एक नवी, रिकामी पीएसटी बनवा आणि चांगले मेल त्यात ओढून घ्या. दुरुस्त केलेल्या जुन्या फाईलवर पुढचं काम चालू ठेवणं मला धोक्याचं वाटतं. एकदा बिघडलेली फाईल रोजच्या वापरात पुन्हा कधीही दगा देऊ शकते.

ओएसटी असेल तर

इथे दुरुस्तीत वेळ घालवायची गरज नसते. आधी ब्राउझरमधून खात्यात शिरून मेल सर्व्हरवर आहेत याची खात्री करा. मग आउटलुक बंद करून ओएसटी फाईलचं नाव बदला आणि आउटलुक पुन्हा उघडा. ते नवी फाईल बनवून सगळं उतरवून घेतं.

पण आयमॅप खातं असेल तर आधी एक गोष्ट तपासा. फोल्डरच्या नावापुढे ‘धिस कॉम्प्युटर ओन्ली’ असं लिहिलेलं असेल तर तिथले कॉन्टॅक्ट्स किंवा कॅलेंडर सर्व्हरवर नाहीत, फक्त या ओएसटीत आहेत. आउटलुक उघडत असेल तर ते आधी पीएसटीत एक्सपोर्ट करा. आणि अकाउंट काढून परत टाकण्याचा सल्ला इथेच घातक ठरतो, कारण ओएसटी त्या खात्याच्या प्रोफाइलला बांधलेली असते. खातं काढल्यावर जुनी ओएसटी आउटलुकमध्ये थेट उघडता येत नाही.

चुकून डिलीट झाले असतील तर

डिलीटेड आयटम्समध्ये नसतील तरी आशा आहे. एक्सचेंज किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या खात्यात त्या फोल्डरवर जाऊन ‘रिकव्हर डिलीटेड आयटम्स’ निवडा. शिफ्ट दाबून डिलीट केलेलेही तिथे सापडतात. साधारणपणे ही मुदत १४ दिवसांची असते, ऑफिसच्या अ‍ॅडमिनने वाढवली असेल तर ३० पर्यंत. जीमेलच्या ट्रॅशमध्ये मेल ३० दिवस राहतात, स्पॅममध्येही तेवढेच. म्हणजे उद्या बघू म्हणण्यासारखं हे काम नाही.

थंडरबर्ड वापरणाऱ्यांसाठी

थंडरबर्ड हा आउटलुकसारखाच मेलचा प्रोग्रॅम. त्यात प्रत्येक फोल्डर म्हणजे एमबॉक्स पद्धतीची एक साधी मजकुराची फाईल, आणि तिच्या शेजारी एमएसएफ शेपटाची सूची. पुष्कळदा बिघडते ती सूची. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर, एवढ्यानेच गायब झालेले मेल पुन्हा दिसू लागतात.

डिलीट केलेल्या मेलबाबतही इथे एक मोठी सोय आहे. फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ होईपर्यंत, म्हणजे डिलीट झालेले मेल काढून फाईल आटोपशीर केली जाईपर्यंत, मेल फाईलमधून प्रत्यक्ष पुसला जात नाही, त्याच्यावर फक्त खूण होते. थंडरबर्ड बंद करा, फोल्डरच्या फाईलची कॉपी बाजूला ठेवा आणि मूळ फाईल नोटपॅड प्लस प्लस या मजकूर बदलायच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. मेलच्या वरच्या भागात ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ अशी ओळ असते. तिथे ०००९ दिसलं तर तो वाचलेला आणि डिलीट झालेला मेल, ०००८ म्हणजे न वाचता डिलीट झालेला. ०००९ चं ०००१ करा किंवा ०००८ चं ००००, सेव्ह करा, शेजारची एमएसएफ फाईल काढून टाका आणि थंडरबर्ड उघडा. मेल परत जागेवर येतो. दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलेल्या मेलवरही हीच खूण असते, म्हणून सरसकट बदल करू नका, हवा तो मेल शोधून त्याचीच ओळ बदला. कॉम्पॅक्ट आपोआपही होतं, तेव्हा हे लवकर करायला हवं.

फाईलच नाहीशी झाली असेल तर

फाईल ज्या फोल्डरमध्ये होती त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ बघा. विंडोजची ‘फाईल हिस्ट्री’ ही बॅकअपची सोय चालू असेल तर जुनी प्रत मिळते. वनड्राइव्हचा रिसायकल बिनही ब्राउझरमधून तपासा.

यातलं काहीच नसेल तर डिस्कवरून उचलावं लागेल, आणि तिथे डिस्कच्या प्रकारावर बरंच ठरतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर डिलीट केलेल्या फाईलचा मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत टिकतो. एसएसडीवर ट्रिम नावाची सोय मोकळी जागा लगेच साफ करते, त्यामुळे तिथे फार आशा धरू नका. त्या डिस्कवर काहीही इन्स्टॉल करू नका. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडा आणि तिथून मायक्रोसॉफ्टचं मोफत ‘विंडोज फाईल रिकव्हरी’ किंवा ‘फोटोरेक’ चालवा. फोटोरेक नावाने फोटोंचं वाटलं तरी पीएसटीही ओळखतं. सापडलेली फाईल दुसऱ्याच डिस्कवर उतरवा, आणि मग ती स्कॅनपीएसटीतून काढा.

विकत मिळणारी पीएसटी दुरुस्तीची सॉफ्टवेअर सर्वांत शेवटी. त्यांच्या डेमोमध्ये कोणते मेल सापडले ते दिसतं. हवा तो मेल मजकुरासकट दिसला तरच पैसे भरा. क्रॅक केलेली कॉपी उतरवू नका, तिच्यासोबत व्हायरस येतो आणि तो तुमच्या सगळ्या पत्रव्यवहाराशेजारी बसतो. गूगलवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करून एनीडेस्कसारख्या अ‍ॅपमधून संगणकाचा ताबा तर अजिबात देऊ नका. तसं होऊन पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

मेल हाती आले की त्याच दिवशी दोन कामं उरका. पीएसटी वनड्राइव्हबाहेरच्या फोल्डरमध्ये हलवा आणि वर्षवार वेगळ्या फाईली करा, म्हणजे एकही १० जीबीच्या फार पुढे जाणार नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी आउटलुक पूर्ण बंद करून त्यांची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या, कारण चालू आउटलुकमधली पीएसटी अडकलेली असते आणि तिची कॉपी नीट होत नाही. तीन महिन्यांतून एकदा ती कॉपी दुसऱ्या संगणकावर उघडून दोन-चार जुने मेल जोडण्यांसकट उघडतात का ते तपासा.