श्वास आधी सोडायला शिका

माझ्या प्राणायामाच्या वर्गात नवीन माणूस आला की त्याला पहिल्याच दिवशी कपालभाती, म्हणजे पोटाला झटके देत भराभर श्वास सोडणं, हवी असते. मी शिकवत नाही. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात ती षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत मोजली आहे; प्राणायामांत नाही. शिवाय ब्लडप्रेशर वाढलेलं असेल, हर्निया असेल, पोटाचं ऑपरेशन झालं असेल किंवा दिवस गेले असतील, तर तिच्या वाटेला जाऊच नये.

आधी बैठक. पोट रिकामं हवं. बुडाखाली चादरीची जाड घडी घ्या, इतकी की गुडघे कमरेच्या खाली राहतील. गुडघे वर राहिले की पाठीला पोक येतो आणि पोटाला फुगायला जागा उरत नाही. मांडी जमत नसेल तर खुशाल खुर्चीत बसा, पावलं जमिनीला टेकवून. आसन स्थिर आणि सुखाचं असावं, एवढंच पतंजली सांगतात. पद्मासनाचा हट्ट आपलाच.

आता एक हात बेंबीवर ठेवा आणि नाकाने श्वास सावकाश, पूर्ण सोडा. पोट आत जाईल. मग काही करू नका. श्वास आपसूक आत येतो आणि हात पुढे ढकलला जातो. बहुतेकांचं उलटं चालतं: घेताना पोट आत ओढतात, खांदे वर चढवतात. सोडणं जमलं की घेणं वेगळं शिकवावं लागत नाही. मनात ४ मोजत घ्या, ६ मोजत सोडा. सोडून झाल्यावर पुढचा श्वास हपापल्यासारखा खेचला गेला, तर आकडा तुम्हाला झेपत नाहीये. ३ आणि ४ वर या. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून सगळा भर सोडण्यावर.

हे अंगवळणी पडलं की अनुलोम-विलोम. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्याकडे दुमडा. अंगठा उजव्या नाकपुडीला, अनामिका डाव्या. नाकाचं हाड संपतं तिथल्या मऊ भागावर नुसतं टेकवल्यासारखं दाबा. नाक वाकडं करायचं नाहीये! डावीने घ्या, उजवीने सोडा, उजवीने घ्या, डावीने सोडा. हे एक आवर्तन, अशी ५-६ पुरेत. आवाज होता कामा नये. एक नाकपुडी जास्त मोकळी असतेच, दिवसभरात ती बदलते. त्याची काळजी नको. नाक चोंदलं असेल तर त्या दिवशी सुट्टी.

कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, वाचून करू नका. समोर शिकवणारं कुणीतरी हवं.

चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या, तर ती ‘शक्ती जागी झाली’ वगैरे काही नसते. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असतो. थांबा, नेहमीसारखा श्वास चालू द्या.

शेवटी ध्यान. हात मांडीवर, मोजणं बंद. नाकपुडीच्या कडेला श्वास आत येताना गार लागतो, जाताना कोमट. तेवढंच बघत राहा. मन भटकेल, लक्षात आलं की परत या, चिडचिड नको. १० मिनिटांचा मंद गजर लावून ठेवा, नाहीतर निम्मा वेळ घड्याळाकडे जातो. गजर झाल्यावर आधी पाय मोकळे करा, बधिर झाले असतील तर चोळा, मग उठा.