चासीचं कोटिंग: आधी बघा, कुठल्या भागाला कसला मार बसतो

ऑफ-रोड गाडीच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, कोणतं कोटिंग करावं, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुठल्या भागाला? संपूर्ण गाडीला एकच कोटिंग चालेल असं मला कधीच वाटलेलं नाही. एखाद्या भागावर दगड घासतात, एखाद्यात चिखल साचून राहतो, एखादा तापतो. प्रत्येकाचा शत्रू वेगळा आहे.

स्किड प्लेट (गाडीच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा) आणि रॉक स्लायडर (दारांखालचे संरक्षक दांडे) घ्या. खडकावर घासायलाच ते बसवलेले असतात, त्यामुळे तिथलं कोटिंग निघणारच, कितीही महागडं असो. तिथे मी मुद्दाम साधा, ब्रशने किंवा स्प्रे कॅनने लावता येणारा चासी पेंट सुचवते. गाडी धुतली, खरवडलेली जागा घासली, पुन्हा हात मारला, झालं. याच ठिकाणी पावडर कोटिंग, म्हणजे कोरडी रंगपावडर फवारून भट्टीत पक्की करणं, केलं तर वरून चकाकी टिकते, पण टवका उडाला की त्याच्या कडेने पाणी आत शिरतं आणि गंज थराखालून पसरत जातो. पोपडा सुटेपर्यंत तो दिसतच नाही. शिवाय पावडरची डागडुजी तितकीच टिकाऊ होत नाही. नीट करायचं तर सगळं काढून भाग परत भट्टीत घालावा लागतो.

पावडर कोटिंग मला आवडतं ते बंपर, रूफ रॅक, कंट्रोल आर्म (चाक चासीला जोडणारी भुजा), ब्रॅकेट अशा सुट्या होणाऱ्या भागांना. साधारण 60 ते 80 मायक्रॉनचा थर आणि 180 ते 200 अंश सेल्सिअसची भट्टी, हे नेहमीचं गणित. मात्र एकाच थरावर थांबू नका. खाली झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलिएस्टर मागा, कारण नुसती इपॉक्सी उन्हात पांढरट पडून भुकटी सोडते. भट्टीआधी रबरी बुश, बॉल जॉइंट, बेअरिंग काढलेच पाहिजेत. बोल्टने आवळल्या जाणाऱ्या पृष्ठभागांवर, आट्यांवर आणि अर्थिंगच्या जागी मास्किंग करून घ्या, म्हणजे तिथे कोटिंग लागू नये म्हणून ते झाकून घ्या. बोल्टच्या डोक्याखाली जाड थर राहिला तर तो दाबाखाली हळूहळू दबतो आणि बोल्ट सैल पडतो. कंट्रोल आर्मच्या बाबतीत हे किती धोकादायक, ते सांगायला नको.

मुख्य चासी भट्टीत घालायची तर गाडी पूर्ण सुटी करावी लागते. ते शक्य नसेल तर टू-पॅक (रंग आणि हार्डनर ऐनवेळी मिसळायचा) इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलियुरेथेन ही जोडी घ्या. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, म्हणून फवारताना कापडी मास्क पुरत नाही; बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. पण कुठल्याही डब्यापेक्षा खालची तयारी महत्त्वाची, आणि इथेच लोक घाई करतात. आधी तेल-ग्रीस धुवा, मगच ब्लास्टिंग, म्हणजे खरखरीत कणांचा जोरदार मारा करून लोखंड साफ करणं. उलटं केलंत तर तेल पृष्ठभागावर आणखी पसरतं आणि ब्लास्टिंगचा माल दूषित होतो. ब्लास्टिंग सा 2.5 (Sa 2½) दर्जाचं मागा, म्हणजे गंज आणि जुना रंग जवळजवळ पूर्ण निघालेलं. उघड्या लोखंडावर त्याच दिवशी, तांबूस झाक यायच्या आत, प्रायमर चढला पाहिजे. लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) निदान 3 अंश वर हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या ओलाव्यावर रंग बसतो. धारदार कडा घासून सुमारे 2 मिलिमीटर गोलाई द्या, कारण ओला रंग धारेवरून मागे सरकतो आणि तिथे थर पातळ राहतो. कडा आणि वेल्डिंगच्या शिवणींवर स्प्रेआधी ब्रशने एक वेगळा हात मारायचाच.

आता आतली बाजू. बंद पेटीसारख्या चासीत चिखल आणि ओल साचते आणि गंज आतून बाहेर येतो, बाहेर कितीही सुंदर रंग असला तरी. निचऱ्याची भोकं मोकळी करा आणि लांब नळीच्या, चहूबाजूंना फवारणाऱ्या नोझलने आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांसाठीचं गंजरोधक मेण) मारा. हॉट-डिप गॅल्वनायझिंगचं, म्हणजे भाग वितळलेल्या जस्तात बुडवण्याचं, जस्त आतपर्यंत पोहोचतं, ही त्याची मोठी ताकद. पण जस्ताचं कुंड साधारण 450 अंशांचं असतं: हवा जायला भोकं नसतील तर अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन स्फोट होऊ शकतो, आणि पातळ किंवा वेल्ड केलेली फ्रेम वाकू शकते. पुढे वेल्डिंग करायचं असेल तर त्या जागेचं जस्त घासून काढावं लागतं, कारण त्याचा धूर घातक असतो. म्हणून सगळं वेल्डिंग संपल्याशिवाय गॅल्वनायझिंगचा विचार नको.

स्प्रिंग आणि 12.9 ग्रेडच्या (अतिशय मजबूत, कडक पोलादाच्या) बोल्टना इलेक्ट्रोप्लेटिंग, म्हणजे विजेच्या मदतीने धातूचा मुलामा, करायला देऊ नका. ॲसिड आणि प्लेटिंगच्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ताणाखाली बोल्ट अचानक तुटू शकतो. तिथे झिंक फ्लेक कोटिंग (जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा थर) बरं, त्यात वीजप्रवाह वापरत नाहीत. एक्झॉस्टला सिलिकॉनवर आधारित उष्णतारोधक रंग, खाली साधा प्रायमर नको. सांगितल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवल्याशिवाय तो पक्का होत नाही.

जुन्या गंजावर काळं रबरी अंडरकोटिंग थापायला माझा ठाम विरोध आहे. ते चिरलं की पाणी मागे धरून ठेवतं आणि तपासायला लोखंडच दिसत नाही.

काम देण्याआधी त्याच तयारीचा आणि त्याच थरांचा एक सुटा तुकडा करून मागा. जाडी मीटरने मोजा, रंग पूर्ण सुकल्यावर ब्लेडने चौकडी पाडा आणि त्यावर चिकटपट्टी लावून ओढा. चौकटीतले तुकडे पट्टीबरोबर निघाले, तर चासी त्यांच्याकडे पाठवू नका.