थेरपीच्या क्लिनिकमधून माहिती कुठून फुटते? समुपदेशकांनो, या चुका टाळा

नव्याने प्रॅक्टिस सुरू करणारे समुपदेशक पहिला प्रश्न विचारतात, 'नोंदी ठेवायला सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?' माझं उत्तर ठरलेलं आहे. सॉफ्टवेअरचं नंतर बघू, आधी स्वतःच्या वेटिंग रूममध्ये दहा मिनिटं बसून या.

आपल्याकडची बहुतेक क्लिनिकं म्हणजे भाड्याचा दोन खोल्यांचा गाळा आणि मधे प्लायवूडचं पार्टिशन. ते पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशी संपतं, स्लॅबपर्यंत जात नाही. वरच्या पोकळीतून आतला शब्द न् शब्द बाहेर येतो. कुणाला तरी आत बसवून नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचायला सांगा. बाहेर नुसती कुजबुज आली तर चालेल, वाक्य कळलं तर चालणार नाही. पार्टिशन स्लॅबपर्यंत न्या, दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावा. आवाज झाकण्यासाठी पंखा किंवा रेडिओ लावायचा तर तो बाहेर, वेटिंग रूममध्ये. आत लावला तर क्लायंट आणखी मोठ्याने बोलतो.

बाहेरच्या टेबलावरचं रजिस्टर हा तसाच प्रकार. सही करताना वरची सगळी नावं दिसतात आणि तालुक्याच्या गावात त्यातलं एखादं नाव हमखास ओळखीचं निघतं. रजिस्टर रिसेप्शनच्या आत ठेवा, हाक मारताना आडनाव घेऊ नका. दोन अपॉइंटमेंटमध्ये पंधरा मिनिटांची फट ठेवली तर जिन्यात समोरासमोर गाठ पडणंही टळतं.

'आमची सून आली का हो तिथे?'

रिसेप्शनवर बसणारी व्यक्ती बहुधा भली असते, आणि पंचाईत तिथेच होते. फोन येतो: 'आमची सून आली का हो तिथे? मोबाईल लागत नाहीये तिचा.' आवाज काळजीचा, बोलणाऱ्या बाई वयस्कर. 'हो काकू, आत्ताच आत गेल्यात,' असं उत्तर सहज निघून जातं. सून ऑफिसला जाते म्हणून घरातून निघालेली असते, हे रिसेप्शनिस्टला कुठून ठाऊक असणार?

बरं, 'मी निरोप देते' म्हटलं तरी गोष्ट फुटलीच. निरोप द्यायला माणूस तिथे असावा लागतो. 'त्या आमच्याकडे येत नाहीत' हेही नको, कारण उद्या ज्या खरोखर येतात त्यांच्याबद्दल हे बोलता येणार नाही आणि फरक लगेच कळेल. आलेल्याबद्दल आणि न आलेल्याबद्दल उत्तर एकच हवं: 'काकू, इथे कोण येतं-जातं ते आम्ही फोनवर कुणालाच सांगत नाही. कुणाबद्दलही नाही.' हे वाक्य पाठ करून घ्या, मोठ्याने म्हणवून घ्या. गोपनीयतेच्या करारावर सही घ्यावीच, पण ऐन वेळी सही आठवत नाही, पाठ केलेलं वाक्य तोंडात येतं.

सगळं काही व्हॉट्सॲपवर

माझ्या मते आज सगळ्यात जास्त गळती इथे आहे, आणि ती कुणाला गळती वाटतच नाही. नंबर सेव्ह करताना 'सीमा ओसीडी', 'कदम डिव्होर्स केस' अशी नावं दिली जातात. स्वतःला लक्षात राहायला सोपं, पण फोन टेबलावर उपडा न ठेवता वाजला की समोर बसलेल्याला ते दिसतं. शिवाय काही ॲप तुमची कॉन्टॅक्ट लिस्टच वर चढवून घेतात. आद्याक्षरं आणि फाईल नंबर पुरेसा आहे.

क्लायंट जुन्या प्रिस्क्रिप्शनचे फोटो पाठवतात, कधी घरातल्या मारहाणीचेही. ऑटो डाउनलोड चालू असेल तर ते तुमच्या गॅलरीत, तिथून क्लाउडवर, आणि घरच्यांबरोबर अल्बम शेअर केला असेल तर दिवाणखान्यातल्या टीव्हीवरसुद्धा. ऑटो डाउनलोड बंद करा. चॅट बॅकअपचं एन्क्रिप्शन (म्हणजे दुसऱ्याला वाचता येऊ नये असं कुलूप) वेगळं चालू करावं लागतं, ते करा. 'लिंक्ड डिव्हायसेस' महिन्यातून एकदा उघडून बघा. सोडून गेलेल्या असिस्टंटच्या लॅपटॉपवर तुमचं व्हॉट्सॲप अजून चालू असू शकतं.

दिवाळीला सगळ्यांना शुभेच्छा पाठवायच्या म्हणून ग्रुप केला की प्रत्येक क्लायंटला बाकी सगळ्यांचे नंबर आणि प्रोफाइल फोटो मिळतात. डिलीट केला तरी ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं. पाठवायच्याच तर ब्रॉडकास्टने पाठवा, त्यात प्रत्येकाला मेसेज वेगळा जातो. खरं तर क्लायंटना शुभेच्छा पाठवायची गरज काय, हेच मला कळलेलं नाही.

आठवण करून देणारे मेसेजही जपून. 'उद्या ५ वाजता कपल काउन्सेलिंग' हे लॉक असलेल्या स्क्रीनवरही झळकतं. 'उद्या ५ ची वेळ लक्षात असू द्या' एवढंच लिहा. कुठल्या नंबरवर, कुठल्या वेळी, कुठल्या शब्दांत संपर्क करायचा ते पहिल्या भेटीतच विचारून फाईलवर लिहून ठेवा. यूपीआयने फी घेताना क्लिनिकचं नाव समोरच्याच्या बँक स्टेटमेंटमध्ये उमटतं. खातं जॉइंट असेल तर काय, हेही विचारा. काहींना रोख बरी वाटते.

एकच वही, त्यात सगळं

नोंदी दोन प्रकारच्या असतात आणि त्या एकत्र झाल्या की पुढे गोंधळ होतो. एक औपचारिक नोंद: तारीख, तक्रार, मूल्यमापन, ठरवलेली दिशा, जोखीम आहे का, पुढची भेट. दुसऱ्या आपल्या कच्च्या टिपा: मनात आलेले अंदाज, सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे ज्येष्ठ समुपदेशकाला, विचारायचे प्रश्न. दोन्ही वेगळ्या ठेवा आणि कच्च्या टिपांत नाव लिहू नका.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २५ नुसार रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क आहे. त्यातला एखादा भाग वाचून त्याला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्याला धोका पोचेल असं असेल तर तेवढा भाग रोखता येतो, पण मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते हे त्याला सांगावं लागतं. डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत नोंदी ३ वर्षं जपण्याचं आणि मागितल्यावर ७२ तासांत देण्याचं बंधन आहे. आपण डॉक्टर नसलो तरी मोजपट्टी म्हणून हे धरायला हरकत नाही. थोडक्यात, क्लायंट ही फाईल वाचणार आहे असं धरूनच लिहा. 'सासू कजाग वाटते' हे तिथे नको. 'सासूशी रोज वाद होतात असे क्लायंट सांगते' हे चालेल.

आणि कोर्टही वाचू शकतं. वकील आणि अशिलातल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात जे संरक्षण आहे, तसं थेरपिस्टला नाही. अनेकांना हे समन्स हातात पडल्यावर कळतं.

पोलीस, कोर्ट, मेडिक्लेम: घाबरून सगळी फाईल देणं

पोलीस ठाण्यातून फोन आला की काही जण फाईलचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळे होतात. फोनवर काहीही देऊ नका, त्या व्यक्तीला ओळखता हेसुद्धा सांगू नका. लेखी मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कोर्टाचं समन्स किंवा ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी आदेश येऊ शकतो. तो आला तर टाळायचा नाही, वकिलाला दाखवायचा आणि जेवढं मागितलंय तेवढंच द्यायचं. नाजूक मजकूर बंद लिफाफ्यात स्वीकारावा अशी विनंती कोर्टाला करता येते. मेडिक्लेमवाल्यांनी 'संपूर्ण सेशन नोट्स' मागितल्या तर क्लायंटच्या लेखी संमतीने एका पानाचा सारांश द्या. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

उलट चूकही होते: जिथे सांगायलाच हवं तिथे गोपनीयतेच्या नावाखाली गप्प बसणं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सोच्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल तर २०१७ च्या कायद्याचं कलम २३ माहिती देण्याची मुभा देतं, पण तो धोका टाळायला लागेल तेवढीच.

या मर्यादा क्लायंटला कधी सांगता, यावर सगळं अवलंबून आहे. त्याने सांगून टाकल्यावर 'आता मला हे कळवावं लागेल' म्हणणं हा विश्वासघातच वाटतो. पहिल्या भेटीत, त्याच्या भाषेत, तोंडी सांगा. आठ पानी इंग्रजी फॉर्मवर सही घेतली म्हणजे संमती झाली, असं निदान मी तरी मानत नाही.

फी भरणाऱ्या नवऱ्याचं किंवा आईवडिलांचंही तेव्हाच ठरवून घ्या. 'पैसे मी भरतोय, काय बोलली ते सांगा' हे ऐकावं लागणारच. फी भरली म्हणून नोंदींवर हक्क मिळत नाही. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत आईवडिलांना काय सांगणार आणि काय नाही, ते मुलासमोरच बोललेलं बरं.

नाव बदललं म्हणजे ओळख लपत नाही

व्याख्यानात, लेखात, रीलमध्ये 'माझ्याकडे एक केस आली होती' असं सांगण्याचा मोह मोठा. पण 'सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदाराची डेंटिस्ट सून' म्हटल्यावर नाव सांगायची गरज उरते का? जिल्हा, व्यवसाय, नातं यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी गावाला कळतं. लेखी संमती घ्या, नाहीतर उदाहरण सरळ कल्पनेतून रचा आणि तसं सांगा. गूगलवर कुणी वाईट रिव्ह्यू लिहिला तर 'तुम्ही तिसऱ्या सेशननंतर आलाच नाहीत' असं उत्तर देऊ नका. ती व्यक्ती तुमची क्लायंट होती हे तुम्हीच जाहीर करून बसता.

कॉम्प्युटर आणि रद्दी

फिनलंडमध्ये वास्तामो नावाची थेरपी केंद्रांची मोठी साखळी होती. तिचा रुग्णांचा डेटाबेस इंटरनेटवर धड पासवर्डशिवाय उघडा राहिला. २०१८-१९ मध्ये तो चोरीला गेला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये खंडणीचं प्रकरण बाहेर आलं. कंपनी पैसे देईना तेव्हा चोराने थेट रुग्णांना ईमेल पाठवले: २०० युरो बिटकॉइनमध्ये द्या, नाहीतर तुमच्या सेशनच्या नोंदी जाहीर करतो. सुमारे ३३,००० लोकांच्या नोंदी त्यात होत्या. कंपनी २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली, चोराला २०२४ मध्ये सहा वर्षांहून जास्त तुरुंगवास झाला. मनातलं बोललेलं मात्र पासवर्डसारखं बदलता येत नाही.

म्हणून लॅपटॉपच्या हार्ड डिस्कचं एन्क्रिप्शन चालू करा, टू-स्टेप लॉगिन ठेवा आणि क्लिनिकचा लॅपटॉप मुलांच्या प्रोजेक्टला देऊ नका. सेशनचं रेकॉर्डिंग फुकटच्या एआय टूलला देऊन टिपा काढण्याची नवी टूम निघाली आहे. तो आवाज कुठे साठतो आणि कशासाठी वापरला जातो, हे क्लायंटला सांगता येत नसेल तर ते वापरू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. दोन खोल्यांच्या क्लिनिकला एवढा दंड कुणी करणार नाही, पण 'आम्ही छोटे आहोत' म्हणून कायदा सूटही देत नाही.

कागदाचं म्हणाल तर जुन्या फाईली रद्दीत कधीच घालू नका. भेळेच्या पुडीवर कुणाची तरी प्रश्नावली वाचायला मिळणं अशक्य नाही. कागद बारीक कापणारं छोटं श्रेडर घ्या, किंवा कागद रात्रभर भिजवून लगदा करा.

फुटलीच माहिती, तर?

चुकीच्या नंबरवर मेसेज गेला तर लगेच 'डिलीट फॉर एव्हरीवन'. साधारण दोन दिवसच ही सोय असते. मग त्या माणसाला फोन करून मजकूर काढून टाकायची विनंती करा. मोबाईल हरवला तर सिम बंद करा, दुसऱ्या डिव्हाइसवरून फोन पुसून टाका, पोलिसांत तक्रार नोंदवून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोनचा आयएमईआय (ओळख क्रमांक) ब्लॉक करा आणि ईमेलचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. काय, कधी, कसं झालं ते तारखेसह लिहून ठेवा.

सगळ्यात अवघड काम म्हणजे क्लायंटला सांगणं. ते लोक टाळतात किंवा 'काही विशेष नाही' म्हणून गुंडाळतात. स्वतः फोन करा: नेमकं काय बाहेर गेलं, कुणापर्यंत गेलं असू शकतं, आपण काय केलं. सबबी नकोत. माहिती घरात फुटली असेल आणि घरात मारहाणीचा इतिहास असेल तर पहिला प्रश्न 'आत्ता तुम्ही सुरक्षित आहात का?' हाच हवा. आज रात्री कुठे राहणार, कुणाला बोलावणार, हे त्याच फोनवर ठरवा. फाईल, पासवर्ड, तक्रार सगळं त्यानंतर.