विमान अधिक कोकण रेल्वे: पॅकेजमध्ये चुकामुकीचा खर्च कसा धरायचा

दिल्ली किंवा कोलकात्याचं गिऱ्हाईक मुंबईपर्यंत विमानाने येतं आणि पुढे रेल्वेने खेड, रत्नागिरी, कुडाळ गाठतं. असं पॅकेज विकणारे बहुतेक जण दोन तिकिटांची बेरीज करतात, वर आपलं कमिशन लावतात आणि मोकळे होतात. एका वाहनाला उशीर होऊन दुसरं चुकलं, तर भुर्दंड कुणी सोसायचा, हा तिसरा आकडा राहूनच जातो. नफा खातो तो हाच.

युरोपात काही ठिकाणी हा आकडा करारातच मिटवलेला असतो. फ्रँकफर्ट विमानतळाला १९९९ पासून लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्वतःचं स्थानक आहे. लुफ्तान्सा तिथे जर्मन रेल्वेच्या गाड्यांना आपला फ्लाइट नंबर देऊन एकच तिकीट विकते. त्या तिकिटावर गाडी उशिरा आली, तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीकडे लागतं. कंपनीला ते परवडतं. तासाभराच्या उड्डाणात फारसा पैसा नसतो आणि गजबजलेल्या विमानतळावरचा मोकळा झालेला स्लॉट (विमान उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ) लांबच्या उड्डाणाला वापरता येतो. कोलोन-फ्रँकफर्ट वेगवान मार्ग २००२ मध्ये सुरू झाला, पुढे लुफ्तान्साने तिथली विमानं बंदच केली.

दुसरा फायदा भाड्यात. रेल्वे आणि विमान कंपनी आपापला नफा वेगवेगळा चढवतात, तेव्हा एकूण भाडं फुगतं. एकत्र ठरवलं तर ते खाली येऊन प्रवासी वाढतात. मात्र हे दोघं एकाच प्रवासाचे दोन टप्पे असतील तरच. मुंबई-गोवा हा अख्खा टप्पा दोघंही विकतात, तिथे हातमिळवणी झाली तर भाडं चढण्याचीच भीती.

आपल्याकडे दोन तिकिटं म्हणजे दोन स्वतंत्र व्यवहार. म्हणून करारातलं ते कलम तुम्हालाच आपल्या दरात घालावं लागतं.

आधी रेल्वेचं तिकीट काढा. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, आणि गणपतीत, मे महिन्यात कन्फर्म जागा बघता बघता संपते. विमानात पैसे मोजले की बहुधा शेवटपर्यंत जागा मिळते. शिवाय बेत बदललाच, तर वेळेत रद्द केलेल्या रेल्वे तिकिटावर होणारी कपात स्वस्त विमान तिकिटापेक्षा सहसा कमी. ही तिकिटं स्वतःच्या वैयक्तिक आयडीवरून काढून वर पैसे लावू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली तो गुन्हा आहे. अधिकृत एजंटाकडूनच काढा.

जोडणीची जागा म्हणून पनवेल बरं, कारण बहुतेक कोकण गाड्या तिथे थांबतात आणि नवी मुंबई विमानतळ जवळ आहे. वंदे भारत पनवेलहून रत्नागिरीला पावसाळा सोडून साधारण सव्वातीन तासांत नेते. पण ती पनवेल सोडते सकाळी साडेसहाच्या सुमारास. म्हणजे गिऱ्हाईक आदल्या रात्री उतरणार, आणि पनवेलच्या मुक्कामाचं भाडं दरात धरावंच लागणार. सावंतवाडी-वेंगुर्ल्याचं गिऱ्हाईक असेल तर मुंबईचा फेराच टाळा; गोव्यातल्या मोपा विमानतळावरून भाड्याची मोटार करून दिलेली अनेकदा स्वस्त पडते.

आता मधली वेळ. येताना आणि जाताना ती सारखी ठेवणं ही नेहमीची चूक. येताना विमान लेट होऊन गाडी चुकली, तर बुडतं रेल्वेचं तिकीट, आणि मागची गाडी किंवा एसटी मिळते. जाताना गाडी लेट होऊन विमान चुकलं, तर ऐन वेळच्या दराने नवं तिकीट. समजा, चार जण आहेत आणि नवं तिकीट माणशी ६,००० रुपये. वीसात एकदा चुकत असेल, तर २४,००० भागिले २०, म्हणजे दर सहलीला १,२०० रुपये, माणशी ३००. तीन तास आधीची गाडी घेतल्यावर तेच पन्नासात एकदा होत असेल, तर ४८० रुपये, माणशी १२०. वाचले माणशी १८०. तेवढ्या वेळात विमानतळावर खाण्यापिण्यावर माणशी २०० गेले, तर तोटाच झाला. त्यापेक्षा ३०० दरात धरून नंतर सुटणारी गाडीच ठेवा. ‘वीसात एकदा’ हा आकडा मात्र अंदाजाने लिहू नका. त्याच गाडीच्या पोचण्याच्या वेळा महिनाभर वहीत टिपा.

पावसाळ्यात हे गणित पार बदलतं. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत वेळापत्रक वेगळं असतं, वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस धावते आणि जोरदार पावसात गाड्या ताशी ४० किलोमीटरवर आणतात. त्यात रोहा-वीर सोडलं तर मार्ग जवळपास सगळा एकेरी. एकदा वेळ चुकलेली गाडी प्रत्येक क्रॉसिंगला, म्हणजे समोरच्या गाडीला वाट द्यायला थांबून, आणखी मागे पडते, म्हणून वीस मिनिटांचे दोन तास होतात. पावसाळ्यात परतीचं विमान गाडीच्या दुसऱ्या दिवशीचंच घ्या आणि मुंबईची एक रात्र उघडपणे बिलात लावा.

रेल्वेकडून भरपाईची आशा थोडीच. तुमच्या चढण्याच्या स्थानकावर गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि प्रवास केलाच नाही, तर पूर्ण परतावा मिळतो. त्यासाठी गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी ऑनलाइन टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरावा लागतो. कुडाळहून वेळेवर सुटलेली गाडी पुढे वीरला अडकली, तर हा परतावा नाही. विमानाचे पैसे तर रेल्वे स्वतःहून देत नाही, त्यासाठी ग्राहक न्यायालयात भांडावं लागतं. हे दोन्ही मुद्दे पावतीवर मराठीत आणि हिंदीत छापून सही घ्या, नंतरची वादावादी टळते.

सामानाची मर्यादा नेहमी विमानाची धरा. थ्री एसीत माणशी ४० किलो नेता येतं, देशांतर्गत विमानात चेक-इनला बहुधा १५. परतीच्या वेळी आंब्याची एक लाकडी पेटीच ही मर्यादा गाठते, म्हणून दोन-दोन डझनांचे पुठ्ठ्याचे खोके भरून द्या. आणि सुकं खोबरं बॅगेत घालू देऊ नका. तेलामुळे ते ज्वालाग्राही मालात मोडतं आणि विमानतळावर काढून घेतात.