लहान मुलांच्या घरातला नाताळ: खान्देशातील तरुण कुटुंबांसाठी आखणी

नोकरीनिमित्त जळगाव, धुळे, भुसावळ किंवा नंदुरबार शहरात राहणाऱ्या आणि आईवडील गावी असलेल्या तरुण ख्रिस्ती जोडप्यांचा नाताळ बहुधा 24 डिसेंबरच्या संध्याकाळी एकदम अंगावर येतो. फराळ अर्धा झालेला असतो, चांदणीचा दिवा लागत नाही, संडे स्कूलच्या नाटिकेत मेंढपाळ झालेल्या मुलाचा फेटा सापडत नाही, रात्री उपासना असते आणि सकाळी गावाकडची गाडी गाठायची असते. सरकारी सुटी एकाच दिवसाची असल्यामुळे ही दमछाक टळणार नाही, असे अनेकजण धरून चालतात. मात्र मूळ अडचण सुटीची नसून सगळा सण एका रात्रीत बसवण्याची आहे. नाताळचा काळ सहा आठवड्यांच्या आसपास असतो. तो तितकाच लांब ठेवला, त्यात मोजक्याच प्रथा घेतल्या आणि त्या दरवर्षी न चुकता पाळल्या, तर लहान मुलांच्या घरातही हा सण शांतपणे आणि पूर्ण अर्थाने साजरा करता येतो.

सुरुवात आगमनकाळापासून करावी. नाताळापूर्वीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, आणि त्याचा पहिला रविवार नेहमी 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर या दरम्यान येतो. काही मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समूहांत, हा काळ उपासनेत वेगळा पाळला जात नाही. तरीही घरात तो पाळण्यास काहीच हरकत नाही. एका पसरट थाळीत वाळू भरून तीत चार मेणबत्त्या उभ्या कराव्यात आणि पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, अशा क्रमाने पेटवाव्यात. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती घेण्याची रूढी आहे, पण बाजारात मिळतील त्या साध्या पांढऱ्या मेणबत्त्याही चालतात. ही प्रथा मुळात मुलांसाठीच सुरू झाली. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे निराधार मुलांचे घर चालवणारे योहान विकर्न हे पाळक ‘नाताळ कधी येणार’ असे मुले सारखे विचारू लागली म्हणून 1839 साली गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावून दिवस मोजू लागले. आपल्या घरातले चार वर्षांचे मूलही तोच प्रश्न विचारते आणि थाळीकडे बोट दाखवून त्याला उत्तर देता येते.

रोजच्या वाचनासाठी बायबलमधील लूकचे शुभवर्तमान सोयीचे आहे, कारण त्याचे अध्याय 24 आहेत. मोठ्यांनी 1 डिसेंबरपासून रोज एक अध्याय वाचला, तर नाताळच्या आदल्या दिवशी ते पूर्ण होते. लहान मुलांना मात्र संपूर्ण अध्याय ऐकवण्याचा आग्रह धरू नये. पहिल्याच अध्यायात 80 वचने आहेत. त्यांना त्यातला एकच प्रसंग जेवणाच्या ताटावर, आपल्या शब्दांत सांगावा. घरात आजी-आजोबा असतील आणि ते मावची, भिली किंवा अहिराणी बोलत असतील, तर मरीया, योसेफ आणि मेंढपाळ यांची गोष्ट त्यांनी आपल्या बोलीतच सांगावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. नातवंडांना ती बोली ऐकण्याची संधी शहरात फार कमी मिळते, आणि त्या गोष्टीबरोबर ती बोलीही त्यांच्या कानात राहते.

गव्हाण आणि चांदणी

सजावटीतील या दोन गोष्टी मुलांनी स्वतःच्या हातांनी कराव्यात. बाकीची नाही केली तरी चालेल. असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतील ग्रेचो गावी जिवंत बैल आणि गाढव आणून गव्हाणीचा देखावा उभा केला, आणि गव्हाण मांडण्याची रीत त्यातून पसरली. आपल्याकडे बैल, कडबा आणि गोठा मुलांच्या रोजच्या पाहण्यातले असल्यामुळे त्यासाठी थर्माकोलचा तयार देखावा विकत आणण्याचे कारण नाही. या दिवसांत कापसाची वेचणी उरकत आलेल्या शेतातून पऱ्हाट्या सहज मिळतात. त्यांचे खांब करावेत, वर तुराट्यांचे किंवा कडब्याचे छप्पर घालावे आणि खाली शेणमातीने सारवलेली फळी ठेवावी. पोळ्याच्या वेळी कुंभाराकडून आणलेले मातीचे बैल घरात जपून ठेवलेले असतील, तर तेच या गोठ्यात उभे राहू शकतात. मेंढरांसाठी वेचणीचा थोडा कापूस पुरतो.

गव्हाणीतली बाळ येशूची जागा 24 तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवावी. तोपर्यंत घरातल्या कोणी दुसऱ्यासाठी काही चांगले केले, म्हणजे न सांगता धाकट्या भावंडाला सांभाळले किंवा शेजारच्या आजींना दळण आणून दिले, की त्याने कडब्याची एक काडी गव्हाणीत घालायची. महिन्याच्या अखेरीस बाळासाठी अंथरूण तयार होते. आईवडिलांनीही काड्या घालाव्यात. नाहीतर हा खेळ केवळ मुलांना शिस्त लावण्याचे साधन होऊन बसतो आणि मुलांना ते लगेच कळते. काही मंडळ्यांमध्ये मूर्ती ठेवणे योग्य मानले जात नाही. अशा कुटुंबांनी फक्त कडब्याची गव्हाण ठेवावी, प्रथेचा अर्थ तेवढ्यानेही पूर्ण होतो.

चांदणीसाठी बांबूच्या प्रत्येकी दोन फुटांच्या दहा कामट्या लागतात. पाच कामट्यांची एक अशा दोन पाचटोकी चांदण्या सुतळीने बांधाव्यात, त्या एकमेकींवर ठेवून पाचही टोके घट्ट आवळावीत आणि आतल्या बाजूला जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, तिथे चार-चार इंचांच्या पाच काड्या दोन्ही चांदण्यांच्या मध्ये आडव्या सरकवाव्यात. त्यामुळे चांदणीला मधोमध फुगवटा येतो. संक्रांत जवळ आल्यामुळे डिसेंबरात पतंगी कागद आपल्याकडच्या प्रत्येक बाजारात मिळतो. तो मैद्याच्या खळीने चिकटवावा आणि मागचा एक भाग दिवा आत घालण्यासाठी उघडा ठेवावा. दिवा पाच-सात वॅटचा एलईडीच असावा, कारण जुन्या तारेच्या बल्बच्या उष्णतेने कागद पेट घेऊ शकतो. चांदणी उघड्या अंगणात लावायची असेल, तर वायरचे जोड दवापासून झाकून घ्यावेत. शक्यतो ती पडवीत किंवा गॅलरीतच टांगावी.

भेटी आणि सांताक्लॉज यांबद्दल प्रत्येक घराने आपापला निर्णय घ्यावा, परंतु मुलांना संत निकोलसची खरी माहिती जरूर द्यावी. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथे ते बिशप होते, गरजूंना गुपचूप मदत केल्याच्या कथा त्यांच्याविषयी सांगितल्या जातात आणि 6 डिसेंबर हा त्यांचा स्मरणदिन आहे. त्या दिवशी मुलांच्या हातून कोणालाही न सांगता एखाद्या घरी धान्याची किंवा स्वेटरची पिशवी पोहोचवावी. मिळणाऱ्या भेटींची वाट पाहण्याआधी देण्याची सवय लागावी, एवढाच यामागचा हेतू आहे.

फराळ, केक आणि शेजार

फराळ एकाच दिवशी करण्याऐवजी टिकण्याच्या क्रमाने करावा. शंकरपाळे आणि शेव 15 डिसेंबरच्या सुमारास, चकल्या आणि लाडू 20 तारखेला, ओल्या सारणाचे पदार्थ आणि केक अगदी शेवटी. केकसाठी ओव्हन नसल्याची खंत करू नये. रावेर, यावल आणि सावदा परिसरातील केळीचा आपला मुलूख, आणि जास्त पिकलेली केळी या दिवसांत स्वस्तात मिळतात. त्यांचा बिनअंड्याचा केक कुकरमध्ये उत्तम होतो. तीन पूर्ण पिकलेली केळी कुस्करून त्यात पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून एकजीव करावे. दोन वाट्या मैदा किंवा कणीक, एक लहान चमचा खाण्याचा सोडा, अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ चाळून त्यात हलक्या हाताने मिसळावे, आणि संत्र्याच्या रसात रात्रभर भिजवून निथळलेल्या मनुका, काजूचे तुकडे व टुटीफ्रुटी वरून घालावी. मिश्रण घट्ट वाटले, तर थोडे दूध घालावे. जुन्या कुकरच्या तळाशी मिठाचा जाड थर पसरून त्यावर भांडे टेकण्यासाठी कडे ठेवावे, शिटी आणि रबर काढून टाकावे, पाणी अजिबात घालू नये आणि मध्यम आचेवर दहा मिनिटे कुकर तापवावा. नंतर तूप लावलेले भांडे आत ठेवून मंद आचेवर 45 ते 50 मिनिटे भाजावे. सुरी खुपसल्यावर कोरडी निघाली, की केक झाला असे समजावे. कापण्यापूर्वी तो पूर्ण थंड होऊ द्यावा.

बिनअंड्याचा केक सुचवण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्या शेजारी वारकरी, जैन किंवा अन्य शाकाहारी कुटुंबे असतात, आणि फराळाचे ताट त्यांच्याकडे जाते. दिवाळीला त्यांची ताटे आपल्याकडे आलेली असतात, त्यामुळे हे देणेघेणे मनापासून जपावे. ताट देताना कशात काय आहे हे स्पष्ट सांगावे. डिसेंबरात बहुतेक वेळा मार्गशीर्ष चालू असतो आणि अनेक घरांत गुरुवारचा उपवास असतो, म्हणून महिना पाहून ताट बुधवारी किंवा शुक्रवारी द्यावे. ताट मुलांच्या हाती पाठवावे, कारण कोणत्या घरी काय चालते आणि काय चालत नाही हे आपोआप कळण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

नाताळची गाणी गात घरोघरी जाणारी कॅरोल फेरी गल्लीत येण्याचा दिवस आधीच मंडळीच्या तरुण संघाकडून विचारून घ्यावा आणि शेजाऱ्यांना कळवावा, म्हणजे रात्री ढोलकी आणि खंजिरी वाजू लागल्यावर कोणाला अडचण होणार नाही. लहान मुलांना पहिल्या दोन-तीन घरांपर्यंत फेरीबरोबर न्यावे आणि झोप येण्याआधी परत आणावे.

नाताळची रात्र आणि नंतर

आदल्या संध्याकाळचा स्वयंपाक मुद्दाम साधा ठेवावा, आणि त्यासाठी खान्देशात भरितापेक्षा योग्य पदार्थ नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला, तसेच जळगावच्या केळ्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि हिरवट पांढरी, मोठी वांगी या थंडीतच चांगली येतात. वांग्यांना तेलाचा हात लावून दोन-तीन ठिकाणी टोचावे, अंगणात पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजावे, साल काढून हिरव्या मिरच्या आणि लसूण यांच्यासह लाकडी बडगीत ठेचावे आणि वरून शेंगदाणे व कांद्याची पात घालून तेलात परतावे. सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी असावी. हे सगळे तासाभरात होते, जाळाभोवती मुलेही रमतात आणि मटणाचा रस्सा दुसऱ्या दिवसासाठी राहतो.

उपासना रात्री उशिरा असेल, तर मुलांना दुपारी चार ते सहा झोपवावे. या दिवसांत आपल्याकडे पारा कित्येकदा दहा अंशांच्या खाली उतरतो, म्हणून मोटारसायकलवरून लहान बाळाला रात्री नेणे टाळलेलेच बरे. घरात तीन वर्षांखालचे मूल असल्यास आई आणि वडील यांपैकी एकाने रात्रीच्या आणि दुसऱ्याने सकाळच्या उपासनेस जावे. यात भक्तीची कोणतीही कमतरता नाही. निघण्यापूर्वी चारही मेणबत्त्या पेटवून लूकच्या दुसऱ्या अध्यायातील पहिली 20 वचने मोठ्याने वाचावीत आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाने बाळाला गव्हाणीत ठेवावे.

गावी जायचे असल्यास रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी खुले होते हे लक्षात ठेवावे. भुसावळहून जळगाव, अमळनेर, नंदुरबारमार्गे नवापूरकडे जाणाऱ्या सुरत मार्गावर नाताळच्या आठवड्यात गर्दी असते. शक्य असेल, तर 25 तारखेची सकाळ आपल्या शहरातील मंडळीबरोबर घालवून दुपारी निघावे. नंदुरबार जिल्ह्यातील अनेक नातेवाईक या काळात ऊसतोडीसाठी गुजरातेत असतात आणि नेमक्या दिवशी घरी येऊ शकत नाहीत. त्यांच्या वाट्याचा फराळ घट्ट झाकणाच्या डब्यात बाजूला काढावा आणि त्यावर त्यांचे नाव लिहावे. ते केव्हाही आले, तरी त्यांच्यासाठी गाणे आणि प्रार्थना पुन्हा व्हावी.

वर्षाखेरची उपासना झाली, की बहुतेक घरांतली सजावट उतरते. तसे न करता ती 6 जानेवारीपर्यंत, म्हणजे प्रकटीकरणाच्या सणापर्यंत ठेवावी. मागी लोकांच्या, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्या आकृत्या तोवर गोठ्यापासून दूर, खिडकीत किंवा फडताळावर ठेवाव्यात आणि मुलांनी त्यांना रोज थोडे पुढे सरकवावे. 6 तारखेला मत्तयचा दुसरा अध्याय वाचून ते पोहोचले असे ठरवावे. मागी किती होते हे तिथे सांगितलेले नाही. सोने, ऊद आणि गंधरस ही दाने तेवढी सांगितली आहेत. मोठ्या मुलांना हे वचनातून स्वतः शोधू द्यावे.

दुसऱ्या दिवशी चांदणीचा कागद काढून कामट्यांचा सांगाडा माळ्यावर ठेवावा, बैल कापसात गुंडाळून डब्यात भरावेत आणि कडबा एखाद्या गोठ्यात नेऊन द्यावा. त्याच बैठकीत एका वहीत त्या वर्षी मैदा, साखर आणि तेल किती लागले, किती घरी ताटे दिली, कोणते मूल नाटिकेत काय झाले आणि कोणती गोष्ट पुढच्या वर्षी वगळायची आहे, हे लिहून ठेवावे. ही वही पुढच्या नोव्हेंबरात सर्वांत आधी उघडावी लागते, म्हणून ती चांदणीच्या सांगाड्यालाच बांधून ठेवावी.