नोकरी-संसारातून एमबीबीएसकडे: ठाणे-नवी मुंबईतील उमेदवारांनी अर्ज कसा करावा

घणसोलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नऊ वर्षे नोकरी करणाऱ्या, आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका ताईंनी मला विचारले, "बाई, या वयात डॉक्टर होण्यासाठी अर्ज करता येतो का?" त्यांचे वय तेहतीस होते आणि मुलगी दुसरीत होती. मी ठाण्यात बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येत असतात. वयाचे उत्तर सोपे होते. एमबीबीएसच्या प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या नीट परीक्षेसाठी पूर्वी खुल्या प्रवर्गाला २५ आणि राखीव प्रवर्गाला ३० वर्षांची कमाल मर्यादा होती, ती २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. आता प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण झालेली असणे एवढीच वयाची अट उरली आहे. अडचण निघाली ती त्यांच्या बारावीच्या गुणपत्रिकेत. तिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित होते, जीवशास्त्र नव्हते.

म्हणून वेगळ्या वाटेने येणाऱ्या प्रत्येकाला माझे पहिले सांगणे असे की, क्लासची फी भरण्याआधी आणि पुस्तके आणण्याआधी आपले कागद टेबलावर मांडावेत. वय आडवे येत नाही, अभ्यासही जमवता येतो; वर्ष वाया जाते ते बहुतेक वेळा कागदामुळे.

पहिला टप्पा: बारावीची गुणपत्रिका तपासावी

एमबीबीएससाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय उत्तीर्ण असावे लागतात. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के आणि खुल्या प्रवर्गातील दिव्यांगांना ४५ टक्के गुण आवश्यक आहेत. नंतर घेतलेली पदवी, मग ती बीएस्सी असो, बीकॉम असो की अभियांत्रिकीची, या अटीची जागा घेऊ शकत नाही.

जीवशास्त्र नसलेल्यांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये मोठा बदल झाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्या महिन्यात काढलेल्या सूचनेनुसार बारावी झाल्यानंतर मान्यताप्राप्त मंडळातून अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेला उमेदवारही पात्र धरला जातो. त्यापूर्वी हे विषय अकरावी-बारावीत नियमितपणे शिकलेले असावे लागत. हा विषय देण्याचे दोन मार्ग आहेत. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या परीक्षेत 'तुरळक विषय' या प्रकाराखाली एखादाच विषय देता येतो, त्यासाठी जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात चौकशी करावी आणि प्रात्यक्षिकांची सोय होईल ना, हे आधी विचारावे. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. तिथे आधीच बारावी झालेल्यांना काही विषयांपुरता आंशिक प्रवेश मिळतो आणि परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या सत्रांत होते. नोकरी करणाऱ्यांना मी हा दुसरा मार्ग सुचवते, आणि त्यातही नीटच्या आदल्या वर्षीचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे सत्र. एप्रिल-मेचे सत्र निवडले तर जीवशास्त्राची परीक्षा आणि नीट एकमेकांवर येतात, शिवाय समुपदेशन, म्हणजे निकालानंतरची जागावाटपाची प्रक्रिया, सुरू होईपर्यंत निकाल हाती पडेल की नाही ही धाकधूक राहते. कला किंवा वाणिज्य शाखेतून आलेल्यांना तिन्ही विज्ञान विषय द्यावे लागतील. त्यांनी त्यासाठी एक पूर्ण वर्ष वेगळे ठेवावे, घाई करू नये.

एनआयओएसचे अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलेच घ्यावे. सरकारी व महापालिका महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्य कोट्यातून भरल्या जातात आणि त्या कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी व बारावी राज्यातील संस्थेतून उत्तीर्ण असण्याची अट आहे. उरलेल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या असतात. ज्यांची दहावी किंवा बारावी परराज्यात झाली आहे, त्यांनी आपला नीटचा अंदाज अखिल भारतीय कोट्याच्या गुणरेषेवरच (कट-ऑफवरच) बांधावा.

दुसरा टप्पा: दाखले जमवावेत

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण अठरा वर्षांच्या मुलाचे कागद त्याच्या शाळा-महाविद्यालयात ताजे असतात, तर तिशी-पस्तिशीतल्या माणसाचे कागद माळ्यावरच्या ट्रंकेत, माहेरी किंवा गावी पडलेले असतात.

शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र आणि वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र हे तीन कागद आधी हाती घ्यावेत. अधिवासाचा अर्ज 'आपले सरकार' संकेतस्थळावर किंवा सेतू केंद्रात करता येतो. नवी मुंबईत इथे एक घोळ नेहमी होतो: वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली हे भाग ठाणे तालुक्यात येतात, पण खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल हे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. पत्ता 'नवी मुंबई' असला तरी तहसील कार्यालय वेगळे असते, आणि अर्जात तालुका चुकीचा निवडला की तो परत येतो.

राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांनी जात प्रमाणपत्र आणि ते पडताळणी समितीने तपासून दिलेले जात वैधता प्रमाणपत्र यांतील फरक लक्षात घ्यावा. नोकरीत लागताना अनेकांनी जात प्रमाणपत्र काढलेले असते, पण वैधता कधी केलेलीच नसते. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करताना मानीव दिनांकापूर्वीचा, म्हणजे प्रत्येक प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेआधीचा, पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. याचा अर्थ बहुतेकांना आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा शोधावा लागतो. आमच्या इमारतीतल्या ताईंचे आजोबा मुरबाड तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत शिकले होते. मुख्याध्यापकांनी काढलेल्या त्या रजिस्टरचे पान कडेने तपकिरी झाले होते आणि आजोबांच्या नावापुढे जातीचा उल्लेख निळ्या शाईत, अगदी बारीक अक्षरात होता. तो उतारा मिळवायला दोन फेऱ्या पडल्या. त्या दिवाळीच्या सुट्टीत झाल्या म्हणून बरे, जुलैमध्ये प्रवेशाच्या धांदलीत झाल्या असत्या तर प्रवर्गाचा लाभ हातचा गेला असता.

विवाहित स्त्रियांनी नावाकडे विशेष लक्ष द्यावे. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे आणि बँकेत तिसरेच, अशी स्थिती असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदलाचे राजपत्र तयार ठेवावे, आणि नीटचा अर्ज भरण्याच्या किमान दोन महिने आधी आधार व दहावीचे प्रमाणपत्र जुळते का हे पाहावे. शिक्षणात पडलेल्या खंडासाठी महाविद्यालये गॅप प्रतिज्ञापत्र मागतात. त्यात त्या वर्षांत काय केले ते सरळ लिहावे. नोकरी केली, मूल झाले, आजारी सासऱ्यांची सेवा केली, यांतले काहीही लपवण्यासारखे नाही.

तिसरा टप्पा: नीटचा अर्ज आणि परीक्षा

अर्ज साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये भरले जातात आणि परीक्षा मे महिन्यात असते. २०२५ पासून परीक्षेचे स्वरूप १८० प्रश्न, ७२० गुण आणि तीन तास असे आहे. जीवशास्त्राचे ९० प्रश्न, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी ४५. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. अर्धे गुण जीवशास्त्राचे असल्यामुळे परिचारिका, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट यांना त्यात पाय रोवता येतात, पण त्यांची गाडी भौतिकशास्त्रात अडते. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके हाच पाया समजावा. नोकरी असणाऱ्यांनी रोजचे दोन तास भौतिकशास्त्राच्या उदाहरणांना आणि लोकलमधला वेळ जीवशास्त्राच्या वाचनाला द्यावा. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर जाता-येता मिळून तास-सव्वा तास वाचन होते. ताईंनी वनस्पतिशास्त्राची अर्धी प्रकरणे तिथेच संपवली.

प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी मात्र विचार करून निवड करावी, कारण भाषांतराबाबत वाद झाल्यास इंग्रजी मजकूर प्रमाण मानतात आणि पुढे महाविद्यालयातले शिक्षणही इंग्रजीतच होते. सराव परीक्षा रविवारी दुपारी दोन ते पाच या वेळेतच, ओएमआर पत्रिकेवर (गोल रंगवून उत्तर नोंदवायच्या कागदावर), सलग बसून द्यावी. घरच्यांना ही वेळ आधी सांगून ठेवावी आणि त्या तीन तासांत स्वयंपाकघराकडे पाहू नये.

चौथा टप्पा: पैशांचा आणि वर्षांचा हिशेब

हा हिशेब परीक्षेच्या निकालानंतर करण्यापेक्षा आधी करावा. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता (इंटर्नशिप), एकूण साडेपाच वर्षे. तासिकांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते, त्यामुळे दिवसाची नोकरी सोडावीच लागते, याबद्दल मनात संदिग्धता ठेवू नये. पहिल्या वर्षाची परीक्षा जास्तीत जास्त चार वेळा देता येते आणि संपूर्ण अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांत पूर्ण करावा लागतो.

आपल्या भागात कळव्याचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ठाणे महापालिकेचे आहे, आणि अंबरनाथचे शासकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. नेरूळचे तेरणा खासगी महाविद्यालय असून तिथले प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत, म्हणजे राज्याची प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या कार्यालयामार्फत, होतात; नेरूळचे डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचे एमजीएम ही अभिमत विद्यापीठे (विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्था) असल्याने त्यांचे प्रवेश केंद्रीय वैद्यकीय समुपदेशन समितीकडून होतात. शासकीय शुल्क आणि अभिमत विद्यापीठांचे शुल्क यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अनेक अभिमत विद्यापीठांत एका वर्षाचे शुल्कच वीस लाखांच्या वर जाते. घर गहाण टाकून ती जागा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्त्री उमेदवारांनी जुलै २०२४ चा राज्य शासनाचा निर्णय जरूर पाहावा: वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातील मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही.

पाचवा टप्पा: निकालानंतरची नोंदणी

नीट दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असा समज मी दरवर्षी ऐकते. निकालानंतर राज्य कोट्यासाठी सीईटी कक्षाकडे एक आणि अखिल भारतीय कोटा व अभिमत विद्यापीठांसाठी केंद्रीय समितीकडे दुसरी, अशी दोन स्वतंत्र नोंदणी करावी लागते. अभिमत विद्यापीठांसाठी दोन लाख रुपयांची परतावायोग्य अनामत भरावी लागते. पसंतीक्रम भरताना जिथे आपण खरोखर जाणार आहोत तीच महाविद्यालये, खऱ्या आवडीच्या क्रमाने लिहावीत. मुले लहान असतील तर रोजच्या प्रवासाचाही विचार करावा. केंद्रीय प्रक्रियेतल्या शेवटच्या रिक्त जागांच्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तर अनामत जप्त होते आणि पुढच्या वर्षीच्या नीटलाही बसता येत नाही, म्हणून त्या फेरीत 'बघू तरी' म्हणून नाव देऊ नये.

जागा मिळाल्यावर महाविद्यालयात हजर होण्यासाठी दिलेली मुदत अगदी थोड्या दिवसांची असते. मूळ कागद तिथे जमा होतात आणि लवकर परत मिळत नाहीत, तेव्हा निघण्यापूर्वी प्रत्येक कागदाची स्वच्छ स्कॅन प्रत आणि पाच साक्षांकित प्रती करून घ्याव्यात, आणि नोकरीचा राजीनामा जागा पक्की झाल्याची पावती हाती आल्यावरच द्यावा.